अर्धा चमचा

आई आजारी माणसाला आधी काय खाल्लंस ते विचारायची, काय दुखतंय ते नंतर. पोट दुखत असलं तरी तेच, डोकं दुखत असलं तरी तेच. माणूस कण्हत दारात उभा असायचा आणि ही चुलीपुढनं मान वर न करता विचारायची, "राती काय जेवला व्हतास?" उत्तर ऐकून निम्म्या लोकांना ती नुसती घरी पाठवायची. "आज पेज पी. मिठाची. दुसरं कायबी न्हाई." माणसं हिरमुसायची. औषध मागायला आलेल्याला पेज सांगितली की त्याला आपला दुखणेकरी म्हणून मान राहिला नाही असं वाटतं. पण दुसऱ्या दिवशी तीच माणसं बरी होऊन वखारीवर पोती उचलताना दिसायची.

आम्ही मूळचे मढच्या वरच्या अंगाचे, डोंगरातले. भात, नाचणी, वरई पिकवणारी माणसं. दादा, म्हणजे माझे वडील, ओतूरला कांद्याच्या वखारीत हमालीला लागले तेव्हा आम्ही खाली आलो. बाजाराच्या मागे एका ओळीत पाच खोल्या होत्या, त्यातली शेवटची आमची. तिथं कांद्याचा वास भिंतींनाच होता. खाली आल्यावर आईचं सगळंच लोकांना वेगळं वाटायचं. तिचं बोलणं, तिचं लुगडं नेसणं, तिची काळी भाकरी. नळावर बायका विचारायच्या, "चांगुणाबाई, तुमच्यात गव्हाची चपाती खात न्हाईत व्हय?" ती म्हणायची, "खातो की. पाव्हणा आला न्हाईतर कुनी मेलं तर करतो." बायका खळाळून हसायच्या आणि तिचा हंडा आधी भरू द्यायच्या.

तिचं औषध बहुतेक खाण्यातच असायचं. सर्दीनं नाक गळायला लागलं की हुलग्याचं माडगं. हुलगे भाजून जात्यावर भरडायचे, ते पीठ पाण्यात कालवून शिजवायचं, वर लसणाची चरचरीत फोडणी आणि चार मिरी. तो वाडगा दोन्ही हातांत धरून फुंकर मारत प्यायलं की कपाळावर घाम यायचा आणि कान मोकळे व्हायचे. उन्हाळी लागली की ताकातली नाचणीची आंबील. छाती भरली की ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेक. खोकल्याला हिरड्याची साल मधात उगाळून. हिरडा आमच्याकडे विकत आणायचा नसायचाच. मामा डोंगरातून उतरला की पिशवीभर घेऊन यायचा, वाळून काळा पडलेला. भाताच्या चिखलात बोटांच्या बेचक्या कुजल्या की त्याचीच पूड लावायची. आता मी शिकवते त्या शाळेतल्या बाई नाचणीची बिस्किटं पाकिटातून आणतात आणि मला सांगतात, "मॅडम, खाऊन बघा, फार पौष्टिक असतात." मी खाते. फार गोड असतात.

पण चांगुणाबाईचं नाव झालं ते या सगळ्यामुळे नाही. नाव झालं गुटीमुळे. एका पत्र्याच्या डब्यात, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेले तिचे जिन्नस असायचे. वेखंड, हिरडा, मुरुडशेंग, हळकुंड, सुंठ, जायफळ, खारीक, बदाम. सकाळी सहाणेचा तो दबका, घासल्यासारखा आवाज सुरू झाला की ओळीतल्या आणि पलीकडच्या आळीतल्या लेकुरवाळ्या बायका आमच्या उंबऱ्यापाशी येऊन बसायच्या. कुणाची वाटी, कुणाचं बोंडलं, कुणी आपलं दूध काढून आणलेलं. आई एकेक मूल मांडीवर घ्यायची. जीभ बघायची, टाळूवरनं हात फिरवायची, पोटावर टिचकी मारायची, लंगोट उघडून बघायची आणि वासही घ्यायची. मग सहाणेवर दुधाचे दोन थेंब टाकून एकेक मुळी फिरवायची. याला वेखंडाचा एक वेढा, त्याला दोन. याला सुंठ नको, अंग तापलंय. कुणाला मुरुडशेंगेचे तीन, पोटात मुरडा आहे म्हणून. जायफळाला हात लावताना मात्र ती थांबायची. पोट वाहत असलं तरच, आणि तेही अर्धा वेढा. पैसे ती घ्यायची नाही. फार तर कुणी पसाभर तांदूळ ठेवून जायचं.

आमच्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. दादांनी गावभर सांगितलं होतं, "आमची सुमन सायन्सला हाय." मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मला वाटायचं, जगात जे मोजता येतं तेवढंच खरं. प्रयोगशाळेत काचेच्या पेटीतला तराजू होता. त्याच्या पारड्यात केस टाकला तरी काटा हलायचा. तो तराजू बघून आल्यावर आईचे वेढे मला अंधश्रद्धेसारखे वाटायला लागले. एकदा मी तिला म्हणाले, "आई, एक वेढा म्हणजे किती?"

"येक म्हंजी येक."

"तसं नाही. वजनात किती? तू दाबलंस जोरात तर जास्त निघणार, हलकं फिरवलंस तर कमी."

"मंग? जोरात कुठं दाबायचं अन् हलकं कुठं, त्यासाठीच तर लेकरू मांडीवर घ्यायचं."

"याला प्रमाण म्हणत नाहीत."

"बरं," ती म्हणाली. "तुमच्या कालेजात काय म्हनत्यात?"

मी तिला समजावून सांगितलं. ती सहाण धूत धूत ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "लई हुशार झालीस. आता तेवढं जळण आत घे, भिजतंय." मला राग आला. तिला काही कळत नाही याचा नव्हे, तर कळूनही तिला त्याची गरज वाटली नाही याचा. हे आज लिहिता येतं. तेव्हा नुसता राग होता.

त्या पावसाळ्यात आई लावणीला माहेरी गेली. मामाची कंबर धरली होती आणि मामी एकटी. आठ-नऊ दिवस येणार नव्हती. जाताना उंबऱ्यावरच्या बायकांना बजावून गेली, "मी येस्तोवर गुटी बंद. पोट फुगलं तर ववा शेका. लेकरू जास्त रडलं तर दवाखान्यात न्या. कुनी आपल्या मनानं उगाळायचं न्हाई." डबा तिनं फळीवर वरती ठेवला.

ती गेल्यावर चौथ्या दिवशी शैलावहिनी आली. ओळीतल्या दुसऱ्या खोलीतली, पारूकाकूंची सून. तिची मुलगी पाच महिन्यांची होती, पूनम. वहिनीला माहेरी घोडेगावला जायचं होतं, वडील आजारी म्हणून. मुलीला दोन दिवस पोटाचं चाललं होतं आणि रडून घर डोक्यावर घेत होती. वहिनी दारातच उभी राहून म्हणाली, "मावशींनी काय करून ठेवलंय का गं? घेऊन गेले असते."

मी म्हणाले, "हो. करून ठेवलीय."

इतकं सोपं होतं ते. आई असं कधी करून ठेवत नाही हे तिलाही ठाऊक होतं, पण रडणाऱ्या पोरीच्या आईला जे हवं ते ऐकू येतं. मी म्हणाले, "जरा वेळानं या, बांधून देते. आईनं प्रमाण सांगितलंय." मी करते असं म्हटलं असतं तर तिनं घेतलं नसतं. हे मला त्या क्षणीच माहीत होतं. म्हणून आईचं नाव घेतलं.

मग मी दार लोटून फळीवरचा डबा काढला. सगळे जिन्नस एकसारखे, समप्रमाणात. समप्रमाण हा शब्द मला तेव्हा फार आवडायचा. खलबत्त्यात कुटले, ओढणीतून वस्त्रगाळ केले. दिसायला सुरेख पूड झाली, फिकट तपकिरी, जायफळाचा घमघमाट सुटलेला. प्रॅक्टिकलच्या वहीची पानं फाडून चौदा पुड्या बांधल्या आणि प्रत्येकीवर निळ्या शाईनं लिहिलं, 'सकाळी एक. अर्धा चमचा, आईच्या दुधात.' चौदा पुड्या एकसारख्या, एकावर एक. आईच्या हातून असं नेटकं काम आयुष्यात झालं नव्हतं. मला वाटलं, ती परत आली की दाखवू.

दोन दिवसांनी शैलावहिनीचा भाऊ कांदा घेऊन बाजारात आला होता. त्यानं दादांकडे निरोप दिला आणि दादांनी तो घरी येऊन मोठ्यानं सांगितला. "तुझ्या आयची गुटी लई लागू पडली म्हने. पोरगी गपगार झोपती. रडायचं नाव न्हाई." मी भाकरी थापत होते. मला हसू आवरेना. मी त्या रात्री पोटभर जेवले.

तिसऱ्या दिवशी पूनम उठलीच नाही.

हे मला नंतर तुकड्या-तुकड्यानं कळलं. सकाळी दूध ओढेना. गालावर पाणी मारलं तरी डोळे उघडेना. हात उचलून सोडला की पडायचा. घोडेगावच्या डॉक्टरांनी काय दिलं होतं ते विचारलं, पुडी हुंगली, आणि लगेच नारायणगावच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. तिथं ती दीड दिवस तशीच होती. पारूकाकूंना निरोप आला तो किराणा दुकानातल्या फोनवर. काकू रडत एस.टी.त बसल्या, ते सगळ्या ओळीनं बघितलं. मीही बघितलं. मी काय केलं? घरात गेले, डबा फडक्यानं पुसला आणि होता तसा फळीवर ठेवला.

आई दुसऱ्या दिवशी दुपारी आली. पाय चिखलानं पांढरे पडलेले, डोक्यावर तांदळाचं गाठोडं. तिला नळावरच कुणीतरी सांगितलं होतं, की शैलाची पोरगी तुझ्या गुटीनं झोपली ती उठंना. ती घरात आली, गाठोडं ठेवलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "कसली गुटी?" मी म्हणाले, "मला काय माहीत." हे दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा लवकर आलं.

संध्याकाळी उजेड असतानाच पारूकाकू परत आल्या. पूनमनं डोळे उघडले होते. त्या स्वतःच्या घरी न जाता थेट आमच्या दारात आल्या. सगळी ओळ बाहेर आली.

"चांगुणे! काय घातलंस माझ्या नातीला?"

आई बाहेर गेली. मी आत, चुलीपाशी, हात पिठात.

"पोरगी कशी हाय?" आईनं विचारलं.

"तू नगं इचारू! डॉक्टर म्हनला, अजून येक पुडी गेली असती तर हातची जात व्हती. जायफळ घातलंय मूठभर. जायफळ! लहान जिवाला! तुला लेक न्हाई का गं?" काकूंनी मुठीतली पुडी आईच्या अंगावर फेकली. ती उंबऱ्यावर पडली. आईनं वाकून उचलली.

तिला वाचता येत नव्हतं. पण रोज संध्याकाळी कंदिलाशी बसून मी लिहिताना ती माझ्या शेजारी भाजी निवडायची. ते आखलेलं पान, ती निळी शाई, तिनं शंभर वेळा बघितली होती. तिनं पुडी उलगडली. पूड बोटावर घेतली, जिभेला लावली. मग मान वळवून घरात माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. ताटात भाकरी आहे का बघावं इतकंच.

"माझाच हात चुकला, काकू," ती म्हणाली. "जायच्या घाईत व्हते. जायफळ जास्त पडलं."

"घाईत? लेकराच्या औषधाला घाई?"

"चुकलं म्हनलं ना. तुमी काय म्हनाल ती शिक्षा."

मी एक पाऊल पुढे टाकलं असतं तर उंबरा आला असता. खोली केवढी ती. पण मी पीठ मळत राहिले. ते पीठ मी किती मळलं मला माहीत नाही. नंतर त्याच्या भाकरी झाल्या नाहीत, सगळ्या तुटल्या.

काकू गेल्यावर आईनं दार लावलं आणि माझ्यापुढं बसली. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, "जायफळ किती घातलंस?"

"सगळं सारखंच."

"सारखं," ती म्हणाली. "वेखंड अन् जायफळ सारखं." मग पूड बोटांत चोळून, "कुटून?"

"हो."

"अगं, उगाळल्यावर दगडाला लागतं तेवढंच जायचं असतं पोटात. बाकीची मुळी मुळीच ऱ्हाती. तू आख्खी मुळीच घातलीस की गं." तिचा आवाज चढला नव्हता. मला शिकवल्यासारखी सांगत होती. मग उठता उठता म्हणाली, "दादास्नी सांगू नगं. उद्याच वह्या बांधून ठिवतील. माझं काय, मी अडानीच हाय. अडान्याचं चुकलं तर लोकं चार दिस बोलत्यात."

लोक चार दिवस बोलले नाहीत. सोळा वर्षं बोलले. सकाळी उंबऱ्यावर कुणी बसेना. पूनम बरी झाली, रांगायला लागली, पळायला लागली, पण शैलावहिनी तिला आमच्या दारावरून कडेवर घेऊन जायची. आई कांदा निवडायला वखारीत जाऊ लागली. तिथल्या बायकांनी तिला नाव ठेवलं, झोपवणारी. "सरक गं, झोपवणारी आली, डोळा लागंल तुझा." ती त्यांच्यातच बसून कांदा निवडायची. एकदा माझ्यादेखत कुणी तसं म्हणालं तेव्हा ती म्हणाली, "तुला झोप लागत न्हाई म्हनून तर बोलतीस. ये घरी, देते पुडी." बायका हसल्या. मी हसले नाही. मी तेव्हा तिसऱ्या वर्षाला होते, पहिल्या वर्गात.

मी पदवी घेतली. बी.एड. केलं. आंबेगाव तालुक्यात हायस्कूलला विज्ञानाची शिक्षिका झाले. दादांनी पेढे वाटले तेव्हा पारूकाकूही पेढा घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "आय तशी, पण पोरगी हिरा निघाली." आई शेजारी उभी होती. तिनं त्यांना दुसरा पेढा दिला.

मला मुलगा झाला तेव्हा मी बाळंतपणाला तिच्याकडेच होते. तिनं मला अळीव घातले, डिंक घातला, शेपूच्या भाज्या केल्या, शेकशेगडी सगळं केलं. बाळाचं पोट दुखायला लागलं तेव्हा मी म्हणाले, "आई, एक वेढा दे ना." ती म्हणाली, "डॉक्टरला इचार." मी म्हणाले, "तू दे. तुझ्या हातचं दे." ती बाळाच्या पोटावर हात फिरवत राहिली, गोल गोल, आणि म्हणाली, "माझा हात चुकतो, बाई." टोमणा नव्हता तो. इतकी वर्षं म्हणून म्हणून तिला ते खरंच वाटायला लागलं होतं की काय, हे मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही. आमच्या दोघींमधल्या त्या गोष्टीवर आम्ही त्यानंतर कधी बोललोच नाही. मी रोज वर्गात पोरांना सांगते, उत्तर चुकलं तर चुकलं म्हणा, खोडून लपवू नका. पोरं मान हलवतात.

आई गेली ती साध्या तापानं, तीन दिवसांत. दहाव्याला घाटावर बायका बसल्या होत्या. माझ्या मागे दोघी बोलत होत्या. एकीनं विचारलं, "कोन म्हातारी ही?" दुसरी म्हणाली, "अगं ती न्हाई का, झोपवणारी." तेवढंच. ओळख पटावी म्हणून म्हणाली ती, वाईट म्हणून नाही. आयुष्यभर लोकांना माडगं पाजणाऱ्या, पेज सांगणाऱ्या बाईची गावाला ओळख म्हणून माझी पुडी उरली होती.

तेरावा झाला आणि मी पारूकाकूंकडे गेले. आता त्यांचं स्वतःचं घर झालं होतं, वर पत्रा, पुढं ओटा. काकू थकल्या होत्या, शैलावहिनी तांदूळ निवडत होती, शेजारच्या दोघीतिघी बसल्या होत्या. पूनमनं पाणी आणून दिलं. दहावीला होती, माझ्याएवढी उंच. मी तिच्या हातचं पाणी प्यायले आणि घरून घोकून आणलेलं सगळं बोलून टाकलं. ती गुटी आईनं केली नव्हती. आई तेव्हा डोंगरात होती. मी केली, मी आईचं नाव सांगितलं, पुड्यांवरचं अक्षर माझं होतं.

शैलावहिनीनं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. मग पारूकाकूंनी पदरानं डोळे पुसले आणि माझा हात धरला.

"बघा गं," त्या बायकांना म्हणाल्या. "आय मेली तर तिचं पाप सोताच्या डोक्यावर घ्यायला आली पोर."

"काकू, खरं सांगते. मीच—"

"गप. मला काय कळत न्हाई? मी सोता तिच्या तोंडानं ऐकलंय. चांगुणा खोटं बोलनारी बाई नव्हती, चुकली ती चुकली, पर कबूल केलं तिनं." मग शैलावहिनीकडे वळून, "काय गं, कुनी दिल्या व्हत्या पुड्या?"

शैलावहिनीनं माझ्याकडे बघितलं. "दिल्या हिनंच. पण मावशींनी करून ठेवल्यात म्हणाली होती." आणि मग मायेनं, "जाऊ द्या ताई. आता कशाला? आम्ही मावशींना कधीच माफ केलंय."

"शिकून मानसानं असं व्हावं," काकू पूनमला म्हणाल्या. "आयचं नाव राखायला बघा कशी धडपडती. पाया पड मॅडमच्या."

पूनम वाकली. मी पाय मागे घेतले, पण ओट्याची भिंत मागे होती. काकूंनी सुनेला आत पाठवलं. तिनं नारळ आणि खण आणला, माझ्या ओटीत घातला, कपाळाला कुंकू लावलं. मी पुन्हा एकदा तोंड उघडलं. बायका माझ्याकडे इतक्या कौतुकानं बघत होत्या.

मी पदर पुढे केला आणि ओटी घेतली.